नवमीला उचललेला पाना

बिलोलीचं कॉलेज आठला भरतं आणि आमच्या गावात एसटी दहाला येते. त्यामुळं गावातल्या सात पोरी महादेवीच्या काळीपिवळी जीपनं जायच्या. त्यात माझी लेक राजकन्या, बारावीला.

गाडी आधी महादेवीचा नवरा मलप्पाभाऊ चालवायचे. तीन वर्षांपूर्वी ते कडुलिंबावरून पडले, खुबा मोडला. महिन्याभरात महादेवीनं स्टेअरिंग हातात घेतलं. लोक हसले. ती म्हणाली, "हसा की. फकस्त दार नीट लावून हसा."

गाडी पंधरा वर्षं जुनी. यंदा भाद्रपदात ती पुढून वाजायला लागली. खड्डा आला की खालून हातोडा हाणल्यासारखं ठक्कन. मग डावीकडं ओढायला लागली. एका सकाळी पुलाजवळ सरळ नालीकडंच निघाली. महादेवीनं आवरली, पण पोरींची किंकाळी घरोघर पोचली. पारावर सगळे आईबाप जमले. अमरनाथ अण्णांची नात त्याच गाडीत जायची. ते म्हणाले, "दसऱ्याला सकाळी मी सोता चालवून बघणार. नीट न्हाई वाटली तर पोरी घरी."

सगळ्यांनी मान डोलावली. मीही. बारावीतली पोरगी एकदा घरी बसली की तिला बघायला पाहुणे यायला लागतात, हे ठाऊक असून.

गॅरेजवाला म्हणाला, "भंगारात घाला वैनी. हे बायकांचं काम न्हाई."

"मी तर तुला करायला सांगितलं," महादेवी म्हणाली. "तुला येत न्हाई म्हण, मंग जाते."

ती नांदेडला जाऊन पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट आणि सांध्यात बसणारे रबरी बुश पिशवीत घालून घेऊन आली. अष्टमीला अंगणात काम काढलं. काळ्या मातीत जॅक खचायला लागला, तर धुण्याचा दगड उचलून त्याच्याखाली घातला. मलप्पाभाऊ बाजेवरून सांगत होते.

"अगं, उलटा फिरवून राहिलीस."

"तुमी आडवे पडलाव, तुमाला उलटंच दिसणार."

जुना बुश हलेना. लांब बोल्ट, नट आणि बोअरच्या पाइपाचा तुकडा लावून तिनं तो तसूतसूनं ओढून काढला. दिवस कलेपर्यंत दोन्ही बाजू झाल्या. तोवर दुखण्याच्या गोळीनं मलप्पाभाऊंचा डोळा लागला होता. महादेवीनं गाडी जॅकवर असतानाच सगळे बोल्ट गच्च आवळले आणि मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारून आली. ठकठक गेली होती, पण गाडीचं नाक वर राहिलं होतं आणि पुढून करकर ऐकू येत होती.

आवाजानंच भाऊ जागे झाले. "चाक लोंबकळत असताना आवळलंस?"

"हाव."

"रबर पिळवटलं. आठ दिवसांत फाटंल. चाकं भुईला टेकवून, गाडीनं वजन घेतल्यावर आवळायचं असतंय."

"उद्या करते," ती म्हणाली.

पण उद्या खंडेनवमी. मी झेंडूची फुलं द्यायला गेले, तोवर तिच्या सासूनं, केवळाबाईंनी, सगळे पाने धुऊन पाटावर मांडले होते. हळदकुंकू झालं होतं. त्या दिवशी पूजलेल्या हत्याराला आमच्याकडं कुणी हात लावत नाही, दसऱ्यालाच उचलायचं. आणि दसऱ्याला दिवस उगवताच अण्णा येणार होते.

"जये, तू देवाधर्माची," केवळाबाई म्हणाल्या. "सांग हिला. वर्षातला एक दिवस इसावा असतोय हत्याराला."

मी नवमीला विळीसुद्धा आडवी ठेवते.

महादेवीनं डोक्यावर पदर घेतला, पाटापुढं डोकं टेकलं. "पूजा घेतलीस देवा, आता काम बी करून घे," म्हणाली आणि कुंकवासकट पाना उचलला.

"मलप्पा, बघ तुझी बायको!"

"बघतोच हाय, आई. महादेवे, तो एकोणीसचा. बावीसचा घे."

तोवर ती गाडीखाली शिरलीही होती. चारही चाकं तिनं पहाटेच फरशा रचून त्यांवर चढवली होती. खालून हात बाहेर आला. "जया, दे तेवढा."

केवळाबाई माझ्याकडं बघत होत्या. मी पाटाला नमस्कार केला आणि बावीसचा पाना उचलून तिच्या हातात दिला.

तिनं बोल्ट सैल केले. गाडी हलवून हलवून रबर मोकळं केलं. मला वजनाला पुढच्या सीटवर बसवलं आणि मग सगळं आवळलं. शेवटी मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुताची दोरी ताणून चाकं सरळ केली. केवळाबाई घरात गेल्या त्या दिवसभर बाहेर आल्या नाहीत.

दसऱ्याला अण्णांनी गाडी पुलापर्यंत नेली. तिथं स्टेअरिंग सोडून बघितलं म्हणे. परत येऊन उतरले.

"वाजत न्हाई. सरळ बी चालती. पण नवमीला हत्यार उचललं म्हणं. असल्या गाडीत नात कशी धाडू?"

"अण्णा, काल तुमचा ट्रॅक्टर शेतातून आला," महादेवी म्हणाली. "तो काय खांद्यावर आणला?"

लोक हसले. अण्णा हसले नाहीत. तेव्हा मी पुढं झाले. "दुसरा पाना मी उचलला, अण्णा. त्याचं काय व्हायचं ते माझं नि देवाचं. माझी राजकन्या उद्या जाणार."

दुसऱ्या दिवशी सातला गाडीत तीनच पोरी होत्या. "तिघींना घेऊन बी आठलाच पोचते," म्हणत महादेवीनं गाडी काढली. अण्णांच्या दारापुढं थांबून तिनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. वह्या छातीशी धरून नात पळत आली. अण्णा ओट्यावर दात घासत होते. त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं, पण तिला थांब म्हणाले नाहीत.