मागावरची बोली

दुपारचं जेवण झालंय. माहेरच्या माडीवर चटई टाकून मी आडवी होते आणि कान फरशीला टेकवते. खाली मालकाचे यंत्रमाग चालू आहेत, आई जन्मभर त्यांवरच काम करत आलीय. त्यांचा खडखडाट जिन्यातून वर येतोच, पण फरशीतून गालात, दातांत शिरतो तो निराळा. इचलकरंजीत जन्मलेल्या माणसाला या आवाजात झोप लागते. लग्न होऊन सांगलीला गेले तेव्हा तिथल्या शांततेत मला कितीतरी दिवस डोळाच लागत नव्हता.

उद्या कार्यक्रम आहे. आमच्या गल्लीतल्या नव्या व्यायामशाळेला माझ्या धाकट्या भावाचं नाव द्यायचंय. दयानंद ढवळे. पॅरा कमांडो होता. काश्मीरच्या वरच्या अंगाला एका चकमकीत गेला, त्याला आता दोन वर्षं होतील. नगरसेवक परवा घरी येऊन सांगून गेले, "वैजूताई, तुम्हीच बोला. दयानंदनं कमांडो व्हायचं का ठरवलं, कशामुळं त्याच्या मनानं घेतलं, तेवढं पोरांना सांगा."

तेवढंच तर मला ठाऊक नाही.

दया बोलताना अडखळायचा. सगळ्यात जास्त स्वतःच्या नावाला. 'द'वर जी गाडी अडायची ती ढवळेंच्या 'ढ'वर पुन्हा अडायची, आणि शाळेत हजेरी घेताना पोरं हसून घ्यायची. पुढं तो सैन्यात गेला याचं कुणाला नवल वाटलं नाही. गल्लीतली आणखी पोरं गेली होती. पण पलटणीत सगळं बरं चाललेलं असताना त्यानं आपणहून कमांडोंसाठी नाव दिलं. पहिल्या खेपेला निवड झाली नाही, परत पाठवला. घरी आला तेव्हा तळपाय सोललेले होते. आईनं हळद लावली. पाय भरून आले आणि हा पुन्हा गेला. मी फोनवर विचारलं, "कशासाठी रे एवढं?"

"स... सांगतो," तो म्हणाला. "घ... घरी आल्यावर."

घरी आला तो पेटीतून.

आईनं मात्र उत्तर ठरवून टाकलंय. दयानं तोंड उघडलं की त्याचं वाक्य तीच पुरं करायची. दुकानात, शाळेत, पाहुण्यांत. "त्याला पाणी पायजे." "त्याला घरी जायचंय." लोकांनी हसू नये म्हणून ती घाई करायची. त्याचे दिवस झाले त्या सांजेला ती एकदाच बोलली. "माझ्या तोंडाला कंटाळून गेला त्यो. लांबात लांब जिथं जाता येईल तिथं गेला." त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. उद्याच्या कार्यक्रमालाही येणार नाही म्हणतेय. खाली माग बघायला कुणीतरी पाहिजे, म्हणे.

फरशी थरथरते. डोळे जड होतात. थरथर कुठं संपते आणि मी कुठं सुरू होते ते कळेनासं होतं. खालचा खडखडाट तसाच चालू आहे, आणि तरी त्यात मला शेजारी कुणीतरी श्वास घेतल्याचं अगदी स्पष्ट ऐकू येतं.

"आक्का, झोपलीस व्हय?"

दया खिडकीच्या कट्ट्यावर बसलाय. अंगात शाळेतला चौकड्यांचा शर्ट, पायात लष्कराचे बूट. तो गेलेला आहे हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

"नाही रे. पडलेय नुसती."

"जेवलीस?"

"जेवले. तू?"

तो नुसता हसतो. हातातल्या कांडीवर सूत गुंडाळत राहतो. मला काहीतरी चुकल्यासारखं होतं. घरातली रोजची वस्तू कुणी हलवली की होतं ना, तसं. मग लक्षात येतं. तो अडखळला नाही.

"दया, तुझं बोलणं नीट झालं."

"व्हय. आता कुणालाच घाई न्हाई न्हवं. सुटली जीभ."

मला आनंद व्हायला हवा. पण होत नाही. इतकं सरळ, गुळगुळीत बोलणारा हा माणूस माझ्या ओळखीचा नाही.

"उद्या काय सांगणार हाईस माझ्याबद्दल?"

"देशासाठी गेला म्हणून सांगणार. लहानपणापासून धाडसी होता म्हणणार."

"मी? धाडसी?" तो हसून हसून कट्ट्यावरून घसरतो. "अंधारात मोरीकडं जायला तू लागायचीस संगं."

"मग काय सांगू? तू तर काही न सांगता गेलास."

"देशासाठी तर हायच की. पण त्ये सगळ्यांचं असतंय. माझं येगळं बी हुतं." तो उठतो. "चल, दावतो."

जिना उतरायचाय, पण पायऱ्या येतच नाहीत. आम्ही थेट मागांमध्ये उभे आहोत. ताणलेल्या धाग्यांमधून सूत ओढत धोटा इकडून तिकडं पळतोय. हवेत कापसाची बारीक लव तरंगतेय आणि तिच्यातून आई चाललीय. तरुण आई, केसांत कापसाचे पांढरे पुंजके, पदर कमरेला घट्ट खोचलेला. दोन मागांमध्ये छताच्या कडीला झोळी बांधलीय. झोळीत दया आहे, तान्हा. आणि माझ्या शेजारी उभा आहे तोही दयाच.

इथं तोंडानं बोलून उपयोग नसतो. आई एका मागावरून दुसऱ्या मागाकडं जाताना हातांनी बोलते. करंगळीत करंगळी अडकवून सोडली की धागा तुटला. मूठ उलटी हलवली की कांडी संपली. अंगठा ओठाला लावला की चहा सांग. मधेच ती झोळीकडं वळते आणि दोन्ही तळवे गालांना लावून मान वाकडी करते. झोप आता. झोळीतून दोन मुठी वर येतात आणि उघडतात, मिटतात.

"बघ," शेजारचा दया म्हणतो. "त्यो बोलाय लागला."

मला आठवतं. तोंडानं बोलायच्या आधी दया हातांनी बोलत होता. थोडा मोठा झाल्यावर तर मागावर त्याच्याएवढं बोलणारं कुणी नव्हतं. त्या टोकाच्या कामगाराला या टोकावरून नकला करून दाखवायचा, चहावाल्याची चाल, मालकाची मिशी, मारुतीच्या देवळातला पुजारी. माणसं माग सोडून हसायची. बाहेर ज्याला सगळे मुका समजायचे त्याला इथं 'बडबड्या' म्हणायचे.

"हे मला माहीत आहे," मी म्हणते. "पण याचा कमांडोशी काय संबंध?"

"दम धर की."

मागावरचे ताणलेले धागे हलतात आणि लांबत जातात. बोटं लावून बघते तर गवत आहे, कमरेएवढं, दवानं ओलं. गार वारा सुटलाय. पुढं डोंगर, त्यावर उजाडायच्या आधीचा राखी उजेड. दया अंगाभोवती कांबळं घेऊन पहाऱ्यावर उभा आहे. मी त्याच्या शेजारी साडीत, अनवाणी.

"पलटणीत हुतो तवाची गोष्ट," तो म्हणतो. "कमांडोंची एक टोळी आमच्या चौकीवर मुक्कामाला आलती. पहाटं निघाली. बघ."

चौकीतून माणसं बाहेर पडतात, एकामागं एक. बुटांचाही आवाज नाही. पुढचा मूठ वर करतो, सगळे जागच्या जागी थांबतात. तो दोन बोटं डोळ्यांकडं नेतो, मग उताराकडं दाखवतो. त्याच्या मागचा जवान हात आडवा फिरवतो. तिसरा मान हलवतो, हातानं काहीतरी सांगतो, आणि चौथ्याला हसू आवरत नाही. त्यांनी चेष्टा केली एकमेकांची. तोंडातून अक्षर न काढता.

दयाच्या चेहऱ्याकडं बघते. लहानपणी जत्रेत हरवून सापडला होता, तेव्हा आईला बघून जसा झाला होता तसा त्याचा चेहरा झालाय.

"आक्का, घरापास्नं एवढ्या लांब, त्या थंडीत, मला वाटलं, ही तर आपली बोली हाय. आईची. ही माणसं आईगत बोलत्यात." तो कांबळं सारखं करतो. "मग ऱ्हावलं न्हाई. दिलं नाव."

"एवढ्यासाठी?"

"एवढं थोडं हाय व्हय?"

टोळी उतारावरून खाली जाते. गवत मिटतं.

"पयल्या खेपेला मला परत पाठवलं, तवा सगळ्यांना वाटलं दम निघाला न्हाई. दम हुता. घाबरलो हुतो. साहेबांनी इचारलं, का आलास? 'देशासाठी' म्हणाय गेलो आणि माझा 'द' अडला. मी 'द' म्हणत ऱ्हायलो आन् रडू आलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा त्येच इचारलं. तवा म्या हातांनी सांगितलं."

"हातांनी? काय सांगितलंस?"

तो दाखवतो. एक हात छातीवर. मग दोन्ही हातांनी धोटा मारल्यासारखं. मग बोट समोर, जिथून ती माणसं गेली तिकडं.

"कळलं त्यांना?"

"त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. पण हसले न्हाईत. ठेवून घेतलं."

मी त्याच्या कांबळ्याचं टोक धरते. "दया, आईला वाटतं तू तिला कंटाळून गेलास. ती तुझी वाक्यं पुरी करायची म्हणून."

त्याच्या पापण्यांवर कापसाची लव बसलीय.

"कंटाळायचो की," तो म्हणतो. "कधी कधी लई राग यायचा. न्हाई कशाला म्हणू? पण तिच्यापास्नं लांब न्हाई गेलो. तिच्यागत बोलणारी माणसं गावली, त्यांच्यात गेलो. सांग तिला."

"तूच सांग ना. खालीच आहे ती."

"मला तिच्या सपनात जाता येत न्हाई, आक्का. ती झोपतीया कुठं?"

कानात एकदम मोठा आवाज भरतो. मला वाटतं माग. पण आम्ही विमानात बसलोय, दोन्ही बाजूंना बाकं, पाठीवर पॅराशूटचं ओझं. दार उघडं आहे आणि त्यात नुसतं आभाळ. विमान थरथरतं, बाक थरथरतो, माझे दात थरथरतात.

"बाकीच्यांना हितं भ्या वाटायचं," दया सांगतो. "मला डुलकी लागायची."

तो उठतो आणि माझ्यासमोर हात धरतो. मी त्याचा हात पकडते. तो हात उबदार आहे, बोटांना सुताचे जुने चरे आहेत. आम्ही दारातून बाहेर पडतो आणि आवाज तुटतो.

इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी तरंगत खाली येतोय. खाली पिवळा माळ आहे, मेंढरं आहेत, वाऱ्यानं वाकलेलं गवत आहे. फार वेळ उरलेला नाही हे मला कळतंय.

"दया, एक मागू?"

"माग की."

"एकदा मला हाक मार. पहिल्यासारखी."

त्याला कळतं. तो माझ्याकडं बघतो, ओठ जुळवतो, मान थोडी मागं घेतो. लहानपणी घ्यायचा तशीच.

"आ..." तो म्हणतो. "आ... आ..."

हाच. हाच माझा भाऊ. डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानाकडं जातं. पुढचं अक्षर माझ्या जिभेवर आहे, पण मी ते उच्चारत नाही. मी थांबते. त्याला हवा तेवढा वेळ मला आहे. दिवसभर थांबेन. माळ वर येतोय, मेंढरं मोठी होताहेत, आणि त्याचा तो 'आ' शांततेत लांबत लांबत चाललाय.

पाय गवतात टेकतात.

"वैजे. अगं वैजे, ऊठ."

आई उशाशी बसलीय. खालचे माग बंद आहेत, वीज गेलीय. गल्लीतलेही सगळे बंद, त्यामुळं कुठं तरी लांब पोळी लाटताना बांगड्या वाजताहेत त्याही ऐकू येतात. तिनं चहाचा कप फरशीवर ठेवलाय.

"च्या निवतोय," ती म्हणते, आणि मग माझ्या पायांकडं बघत राहते.

मीही बघते. साडीच्या काठाला कुसळं चिकटलीत. निऱ्यांत, पोटऱ्यांपर्यंत. वाळकी, सोनेरी, टोकदार. कालपासून मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि या भागात गवत उगवायला वीतभर मोकळी जागा नाही.

"कुठं गेलतीस गं?" आई हळू विचारते.

मी सांगते. मधे थांबत, चुकत. झोळी सांगते, चौकी सांगते, ती टोळी कशी हातांनी बोलत निघून गेली ते सांगते. त्याचा निरोप सांगते, त्यातला रागही लपवत नाही. पुढं काय म्हणायचं ते मला सुचेनासं होतं तेव्हाही आई मधे बोलत नाही. माझं वाक्य पुरं होईपर्यंत ती थांबते. असं तिला मी पहिल्यांदाच बघतेय.

मग ती माझा पाय मांडीवर ओढून घेते आणि एकेक कुसळ उपटायला लागते. उपटलेलं फेकत नाही, पदराच्या टोकाला ठेवते. सगळी निघेपर्यंत तिचा हात थांबत नाही.

"उद्या किती वाजता हाय त्यांचं?" शेवटी ती विचारते.

"दहाला."

ती मान डोलावते आणि पदराची गाठ मारते. गाठ आवळताना एक कुसळ तिच्या बोटात शिरतं आणि मोडतं. "बघू, काढते," म्हणून मी तिचा हात धरते. ती सोडवून घेते.

"असू दे," ती म्हणते. "ऱ्हाऊ दे तेवढं."