मानेखालचे तीन टाके

वेंकटरमण शिंप्याची सुई सावकाश चाले, जीभ मात्र तिच्या चार बोटं पुढे. मैसुरात, विजयनगर भागात त्याचं दुकान; आणि बरोबर डोक्यावर, माडीवरच्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी विद्वानांची बैठक. जीव कसे बदलत गेले, आणि ते शोधणारे शास्त्रज्ञ एकमेकांशी कसे वागत गेले, या दोन गोष्टींवर तिथे वाद चाले.

सात वर्षांपूर्वी वेंकटरमण वर गेला तो खुर्च्या सरकवण्याच्या आवाजाची तक्रार करायला. मासा पाण्याबाहेर कसा आला ते ऐकत तिथेच बसला. खाली गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं. तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची त्याची. एकादशीचं भजन चुकेल, शनिवार नाही.

यंदा सुधींद्र नावाचा तरुण प्राध्यापक बैठकीचा चिटणीस झाला आणि त्याने नियम काढला: वर्षातून दहा मिनिटं जो बोलणार नाही, त्याने खुर्ची सोडावी.

"सुम्मने, नुसते ऐकत बसणारे फार झाले, वेंकटरमणराव."

"बोलतो की! दहा मिनिटांत माझी एक बाही बसते," वेंकटरमण म्हणाला. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. खुर्ची गेली तर शनिवारी संध्याकाळी नुसता शिंपीच उरायचा तो.

विषय मात्र त्याच्याकडे लहानपणापासून तयार होता. शेजारच्या हिनकल गावचे येसाजीराव शिंपी त्याच्याच जातीतले, त्याचे जुने प्रतिस्पर्धी. येसाजीरावांच्या आजोबांनी आपल्या आजोबांची सदरा बेतायची पद्धत चोरली, आणि अक्कल कमी म्हणून सदऱ्याच्या मानेत खुंटीला अडकवायचा एक बंद वाढवला, असं वेंकटरमणचं घर सांगत आलं होतं. विठ्ठलाच्या देवळात भेट झाली की त्या बंदावरून तो विचारी, "काय येसाजीराव, शेपूट बरं आहे ना?"

"वळवळतंय," येसाजीराव म्हणत. "तुम्हाला नाही, म्हणून जळता होय?"

शनिवार आला. वेंकटरमणने फळ्यावर झाड काढलं. बुंध्याशी आपले आजोबा, वर फांद्याफांद्यांवर गावातले शिंपी. येसाजीराव एका काडीवर. मग म्हणाला, "आता सगळ्यांनी माना वाकवा."

सात वर्षांत त्या विद्वानांच्या माना पहिल्यांदाच एका दिशेला झुकल्या. वेंकटरमण चष्मा सावरत एकेक कॉलर उलटू लागला.

"श्रीहर्ष सर, हा माझ्या हातचा. विजयेंद्र, तुमचा माझ्या आतेभावाचा. हे बघा, मानेखाली तीन तिरके टाके. आजोबांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक शिंपी घालतो."

अध्यक्षस्थानी वेदवतीअक्का होत्या, जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या. त्यांनी विचारलं, "हे टाके धरतात काय?"

"काही नाही. आजोबा घालायचे."

"का, ते तुम्ही कधी विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर गजाची पट्टी पाठीवर बसली असती, अक्का!"

"लिहून घ्या, सुधींद्र," अक्का हसल्या. "आमच्या खात्यातही विद्या अशीच पुढे गेली."

सुधींद्र लिहायला वाकला, आणि त्याच्या कॉलरीतून एक बंद बाहेर डोकावला. हिनकलचं काम! वेंकटरमणने झडप घातली. "हे पाहा शेपूट!" त्याने बंद बोटाने ओढून धरला, आणि त्याचं बोट तिथेच थांबलं.

बंदाला धरून होते तीन टाके. तीच जागा. तोच तिरकेपणा.

मागच्याच महिन्यात अक्कांनी माकडहाड समजावलं होतं. शेपूट गेलं, त्याची जागा राहिली. ज्याच्या अंगावर नुसती खूण, त्याच्या पूर्वजाला शेपूट होतंच. म्हणजे बंद आधीचा. आजोबांनी बंद सोडला, हात मात्र टाके घालतच राहिला. आजोबा शिकले होते ते येसाजीरावांच्या घरी.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन मिनिटं उरली होती. गप्प बसला असता तर खुर्चीही राहिली असती आणि आजोबाही. पण सात वर्षं खिडकीशी बसून, विद्वानांनी कुणाला खोट्यात पकडलं की तो गालात हसला होता. आज पकडायला दुसरं कोणी नव्हतं. त्याने बाहीने बुंधा पुसला, तिथे येसाजीरावांच्या आजोबांचं नाव लिहिलं, आपल्या आजोबांना फांदीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"दोघांचा गुरू कोणी तिसराही असू शकेल," अक्कांनी हळूच वाट करून दिली.

"नाही हो अक्का. तेव्हा इथे आम्हा शिंप्यांची दोनच घरं होती."

टाळ्या पडल्या. सुधींद्रने त्याचं नाव वहीत कायमचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वेंकटरमण बसने हिनकलला गेला आणि स्वतःच्या तोंडाने येसाजीरावांना सांगून आला. येसाजीरावांनी कॉफी पाजली आणि बैठक किती वाजता भरते तेवढं विचारलं. तेच वाईट लक्षण होतं.

पुढच्या शनिवारी तो माडी चढला, तर खिडकीजवळच्या खुर्चीत येसाजीराव. बंद मुद्दाम कॉलरीबाहेर काढलेला.

"ती माझी खुर्ची आहे."

"आधीची कुणाची, ते झाडावर बघा की."

"वर्षात दहा मिनिटं बोलावं लागतं इथे!"

"विषय दिलाय चिटणीसांना," येसाजीराव पाय पसरून म्हणाले. "शेपूट गळालेल्यांनी पुढे काय काय थापा मारल्या."

वेंकटरमणने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्यांच्या पाठीशी बसला. अर्ध्या तासाने बैठक रंगली, तेव्हा त्याने खिशातून सुईदोरा काढला आणि सावकाश, तीन तिरक्या टाक्यांनी, तो बंद खुर्चीच्या वेताला शिवून टाकला.