चौदा नंबरचं काळं मशीन

कारखान्यात तिला सगळे कॉलरमावशी म्हणत. निम्मं आयुष्य लोकांच्या कॉलरी ताठ करण्यात गेलं, तिची स्वतःची मान मात्र वाकलेलीच राहिली. कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा इतरांना पगाराची चिंता होती आणि मावशीला शिलाई मशीनची. कारण तेवढं एक मशीन कंपनीचं नव्हतंच, तिचं होतं.

सुरुवातीला मशिनं कमी पडत होती आणि मालकाने गळ घातली, म्हणून तिने घरचं आणलं. जुनं, काळंभोर. त्याच्यावरची सोनेरी वेलबुट्टी झिजली तेव्हा नवऱ्याने ती बारीक ब्रशने पुन्हा काढून दिली होती. तो पाट्या रंगवायचा. तो गेला, वेल राहिली. पुढे कंपनीने मशीनला मोटर आणि टेबल जोडलं, तेव्हा पायाने चालवायचा जुना स्टँड मावशीने भंगारात देऊन टाकला. त्यावर कडी म्हणजे, मेकॅनिक नंबर असलेल्या मशीनलाच हात लावतो हे कळल्यावर तिने कंपनीच्या रंगाऱ्याच्या मागे लागून त्यावर पांढरा ठसठशीत चौदा काढून घेतला. तेलपाणी फुकटात होऊ लागलं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तेव्हा तिच्या गावीही नव्हतं.

आता शिलाईच्या हॉलमध्ये सकाळपासून ओढाताण चालली होती. बँकेचा माणूस म्हणे, मशिनं आमच्याकडे गहाण आहेत. मशीनवाला म्हणे, हप्ते फिटले नाहीत तोवर ती माझीच. कापडवाला तर तागे कवटाळून बसला होता. कंपनी मिटवायला नेमलेल्या साहेबाने त्याला समजावलं, की अख्खे तागे तुझे, पण कात्री लागली ते कापड तुझं राहिलं नाही. बिचारा अर्धवट शिवलेल्या शर्टांकडे बघतच राहिला. साहेबाचेही डोळे तारवटले होते. बंद पडलेले कारखाने मिटवत फिरायचं, हाच त्याचा धंदा, आणि त्याला त्याचा वीट आलेला दिसत होता.

मावशीची पाळी आली. बँकेच्या माणसाने आकड्यावर बोट ठेवलं आणि नंबर आहे म्हणजे मशीन कंपनीचं, असं सांगून टाकलं. तिने त्या नंबराची सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तो हसला. मावशीला हसू येईना. या वयात तिला दुसरीकडे कामावर कोण घेणार? मशीन घरी आलं, तरच चार घरचे कपडे शिवून पोट भरणार होतं.

साहेबाने मशीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हे खटारं आपलं नाही, आपली सगळी पांढरी. बँकेच्या कागदांतही काळं मशीन सापडेना. साहेबाने कागद मिटले.

"मावशी, वरचं मशीन तुमचं," तो म्हणाला. "मोटर आणि टेबल कंपनीचं. ते बँकेकडे जाईल."

"मग मी ते चालवू कशावर?"

"ते माझ्या हातात नाही हो."

मेकॅनिकने पट्टा काढला, स्क्रू सोडवले. टेबलात मशीनच्या आकाराचं भोक उरलं. मशीन चादरीत गुंडाळून मावशी घरी निघाली. जिन्यात दम लागला तेव्हा पायरीवर टेकली आणि उगाच रडली.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा रॉकेलचा बोळा घेतला. बँकेच्या माणसाने बोट ठेवलेला तो आकडा तिला घरात नको होता. चौदातला एक निघाला, पण बोळ्याला पांढऱ्याबरोबर सोनेरीही लागलं. एकाच्या जागी आता वेल नव्हती, नुसतं काळं होतं. मावशीचा हात थांबला.

शेजारी बसलेल्या सुनेने बोळ्यासाठी हात पुढे केला. "द्या आई, एवढा चारच राहिलाय, मी काढते."

"राहू दे तो," मावशी म्हणाली. "त्याच्याखाली तुझ्या सासऱ्यांनी काढलेलं पान आहे."

मग तिने मशीनचं चाक हातानेच फिरवायला घेतलं आणि सुनेला कापड धरायला सांगितलं.