शून्य म्हणता येणार नाही

आमच्या ऑफिसातले किस्से काही मुद्दाम आठवावे लागत नाहीत. दुपारी डबे उघडले की भाजीच्या वासाबरोबर तेही बाहेर पडतात!

ऑफिस कतारगामला. खाली हिरे घासतात, वर आम्ही आकडे घासतो. अणुभट्टीतून काढलेलं वापरलेलं इंधन पाण्याच्या टाकीत ठेवतात. ते अजून किती उष्णता देतंय, याचा अंदाज काढायचा, हे आमचं काम. ही उष्णता वर्षानुवर्षं कमी होत जाते, पण शून्य होत नाही. आणि चुकायचंच असेल तर जास्तीच्या बाजूला चुकायचं, हा आमचा धर्म!

*

मनोज पाटील या धर्मातला सगळ्यात कट्टर. डिंडोलीचा, माझ्याच गल्लीतला. एकदा मी आकडा थोडा जास्त धरला. मी धरला नसेल म्हणून मनोजने आणखी वाढवला. आमचे साहेब देसाईभाई, त्यांचा दोघांवरही भरवसा नाही, त्यांनी वरून अजून चढवला. कागदावर टाकी उकळायला लागली की!

देसाईभाई शांतपणे म्हणाले, "चालो, चहापत्ती टाका."

*

स्वतःच्या पुतण्याच्या बारशाला किती माणसं येतील, हा अंदाजही मनोजनेच काढला. अख्ख्या गल्लीने दुसऱ्या दिवशीही वरण-बट्टीच खाल्ली. हा वर मलाच विचारतो, "कमी तर पडली नाही ना?"

*

मनोजची आई, आमची मावशी, एकदा त्याला म्हणाली, "भट्टीमाईन काढी टाकं ना, मंग गरम काबरं ऱ्हास?"

मी म्हटलं, बाहेर काढलं तरी गरम राहतं, गॅस बंद केला तरी तवा गरम असतो, तसं. मनोज उखडलाच. "तवा नुसता निवतो! हे आतल्या आत स्वतःच तापत असतं."

"म्हंजे तुना बाप!" मावशी म्हणाली.

*

मनोजचा पहिला साखरपुडा मोडला होता. बिचारा कितीतरी दिवस भरलेला डबा तसाच परत न्यायचा. मला फार वाईट वाटायचं. मग पल्लवीचं स्थळ आलं आणि गडी पुन्हा हसायला लागला. हे तरी जुळावं म्हणून मावशीने देव पाण्यात ठेवले. बघायला जाताना मलाही सोबत नेलं. मी मनोजला बजावलं, "आज हिशेब नकोत!"

पल्लवीचे वडील कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधले. त्यांनी विचारलं, "ते इंधन पाण्यात ठेवता किती दिवस?"

मनोज खुलला. "वर्षंच्या वर्षं! घाई करून चालत नाही. फक्त पाणी कमी पडू द्यायचं नाही."

तेवढ्यात पल्लवीने थेट विचारलं, "पहिली अजून आठवते का?"

नाही म्हणायचं! एवढंच! मी त्याच्या पायावर पाय दिला. पण हा माणूस खरंच विचारात पडला हो! मग म्हणाला, "कमी कमी होतंय. पण शून्य म्हणता येणार नाही."

मावशीने कपाळाला हात लावला. पल्लवीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. मनोजला घाम फुटला. "म्हणजे, मी जास्तच धरून सांगतोय..."

पल्लवी वडिलांकडे वळली. "बाबा, लागू देत वर्षंच्या वर्षं. पाणी मी कमी पडू देणार नाही."