लाखोरीतून नेला आमचा पटले

आमचं पोस्टिंग काश्मिरात, बर्फाच्या पट्ट्यात होतं. मी हवालदार, सेक्शन कमांडर. लान्स नाईक देवचंद पटले माझ्याच सेक्शनमध्ये. मी गोंदियाजवळच्या कुडव्याचा, तो आमगावकडच्या खेड्यातला. एका हिवाळ्यात दोघांची सुट्टी एकत्र मंजूर झाली आणि तो मला आपल्या गावी घेऊन गेला.

सकाळी धुकं असं, की बैलाची घंटा ऐकू यायची, बैल दिसायचा नाही. खळ्यावर धानाचे उंच पुंजणे रचलेले. देवचंदची आई सेवंताबाई आमच्याआधी उठून कामाला लागलेली असायची. आम्ही फौजी, पण तिच्यापुढे आळशी ठरलो.

एका सकाळी पुंजण्याआडून रानडुक्कर निघालं आणि थेट तिच्या अंगावर धावलं.

"पटले, डावीकडे!" मी ओरडलो.

तो आधीच आईसमोर उभा होता. हातात फक्त काठी. डुकराने त्याची मांडी फाडली, पण काठी नाकाडावर बसली आणि ते धुक्यात पळालं.

आई त्याच्यावरच खेकसली. "काऊन मधात आलास? मी पाहून घेतलं असतं त्याले."

"मले मालूम आहे, माय," तो हसत म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात आमची गस्तीची पार्टी फायरिंगखाली सापडली. मी रेडिओवर ऑर्डर दिली, "पटले, पीछे आओ. ओव्हर."

"घायल साथ में है, उस्ताद. लेके ही आऊंगा. ओव्हर."

त्याने जखमी जवान आमच्या हाती दिला आणि त्याच क्षणी त्याला गोळी लागली. जवान वाचला. पटले गेला.

पार्थिव घेऊन मी गावी आलो. बंदोबस्ताचे साहेब म्हणाले, "स्मशानापर्यंत सडकेने नेऊ, सगळी तयारी आहे."

सेवंताबाई उठल्या. "सडक सरकारची, पोरगं माहं. त्याच्या बांधीतून नेऊ."

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. धान कापायच्या आधी त्यात फेकून पेरलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, आता निळ्या फुलांवर आली होती. पेटीला खांदा देणारे आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं. उभ्या पिकावर बूट ठेवायला पाय धजेना. अरुंद बांधावरून निघालो, तशी पेटी कलायला लागली.

सेवंताबाई मागे वळल्या. डोळे कोरडे.

"काऊन कडेकडेनं चालून राहिले रे? तुडवा."

आम्ही तुडवली. पेटी सरळ झाली. लान्स नाईक देवचंद पटले आपल्या बांधीच्या मधोमध गेला.