गंगूच्या बाटलीत मी काय ओतलं

हे मी आईला सांगितलेलं नाही, चळवळीतल्या सोबत्यांना नाही, तुरुंगात शेजारी झोपणाऱ्यालाही नाही. पाच माणसं जमली की मी बोलायला उभा राहतो, हे धुळ्या-जळगावात कोणीही सांगेल — पण हे एवढं तोंडातून निघालं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. फक्त मधे थांबवू नका. थांबलो तर पुन्हा पत्रकाच्या भाषेत घसरेन, आणि त्या भाषेनंच हे केलंय.

जळगावला एका धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. सकाळी औषधं, संध्याकाळी पत्रकं. स्टेशनामागच्या जिनमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, सरकी काढणाऱ्या बायकांसाठी आम्ही लढत होतो. एकदा तिथं एक बाई यंत्राखाली अडकलेला कापूस ओढत होती आणि वर कोणीतरी इंजिनाचा पट्टा चढवला, यंत्र फिरलं. लुगड्याचा पदर आधी गेला, मग हात. खांद्यापासून. तिला माझ्याच टेबलावर आणलं. तो हात नंतर पोत्यात गुंडाळून कोणीतरी आणून दिला — कशाला आणला? काय करणार होतो आम्ही त्याचं?

मी पेटलो. लिहिलं की पाचोऱ्याहून छोटी गाडी निघते तेव्हा पुढची लाइन मोकळी असल्याचा गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलत नाही, मग माणसं चिरडणारा पट्टा कोणाला न विचारता कसा चढतो? आमची मागणी साधी होती. इंजिनवाल्यानं हाक द्यायची, प्रत्येकीनं उलट आपलं नाव सांगायचं, एक नाव जरी कमी आलं तरी पट्टा चढवायचा नाही. शेठ म्हणाला, माझ्या जिनमध्ये चूक होत नाही, बायकाच धांदरट. आम्ही संप केला. पुढारी होता असोद्याचा दगडूभाऊ, जिनमध्ये कापसाच्या गठाणी बांधणारा. छाती अशी, की पोलीससुद्धा आधी त्याच्याकडे बघून मग काठी उचलायचे.

आणि आमचा दवाखाना कसा चालायचा? डॉक्टरसाहेब पडद्याआडून औषधाचं नाव ओरडायचे. मी ओतायचो. लोक घरून आणलेल्या बाटल्या खिडकीत द्यायचे. तिथं भिका आबा बसायचे — म्हातारे शिपाई, दोंडाईच्याकडचे. ते बाटली माझ्याकडे सरकवत, भरली की परत देत. डॉक्टरांचं मी ऐकलं का, नीट ऐकलं का, हातात कुठली बाटली आहे — कोणी विचारत नव्हतं. मीही उलट हाक देत नव्हतो. फळीवर पोट साफ करणारा रेवाचिनीचा अर्क आणि अफूचा अर्क शेजारी-शेजारी. दोन्ही तपकिरी, दोन्ही एकाच घाटाच्या बाटल्यांत. जिनच्या शेठला फासावर द्या म्हणणाऱ्या माझ्या डोळ्यांना ती फळी रोज दिसत होती.

दगडूभाऊची बायको गंगूला घेऊन आली. चारेक वर्षांची पोर, पोट फुगलेलं. डॉक्टर रेवाचिनी म्हणाले. मी ऐकलं, हो, नीट ऐकलं. पण डोक्यात पत्रकाचं शेवटचं वाक्य घोळत होतं — शेठच्या नरड्याला हात घालणारं वाक्य हवं होतं मला. आबा खिडकीतून चिडवत होते, “भाऊ, आज दवाई देस का भाषण देस?” मी हसलो. ओतलं. आबांनी बाटली दिली.

दुपारी फळी आवरताना रेवाचिनीची बाटली हातात आली. नवी. बुचावरची लाखेची मोहोर अख्खी होती.

तेव्हा काय करायला हवं होतं? धावायला हवं होतं. असोदा काही विलायतेत नाही. कदाचित पोर तेव्हा नुसती झोपली असेल, कदाचित उठवून चालवली असती तर — पण मी काय केलं ते ऐका. मी लाख फोडली. जेवढं गेलं असतं तेवढं मोरीत ओतलं. अफूच्या बाटलीत पाणी घालून पातळी सारखी केली. दोन्ही बाटल्या पुसून जागेवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूभाऊ आला तो मेलेल्या पोरीला खांद्यावर घेऊनच. मागे अर्धा संप. कोणाच्या हातात काठ्या, कोणाच्या गठाणी आवळायच्या लोखंडी पट्ट्या. “माह्या पोरीले काय पाजलं रे?” तो ओरडला, आणि गर्दीतून कोणीतरी म्हणालं, शेठनं विष घातलं, संप मोडायला. डॉक्टरांनी फळीवरच्या दोन्ही बाटल्या तपासल्या आणि म्हणाले, या दवाखान्यात चूक होत नाही. अगदी शेठचेच शब्द! मला तेव्हाही ते ऐकू आलं.

दगडूभाऊ माझ्याकडे बघत होता. त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी म्हणालो — काल आबा शेठच्या बंगल्यावर गेले होते.

खोटं नव्हतं ते. गेले होते. शेठच्या आईच्या गुडघ्याचं मलम घेऊन. मीच पाठवलं होतं.

पुढचं मी बघितलं, सगळं बघितलं. आबांना खिडकीतूनच ओढून काढलं, गजाला लागून कान फाटला. पहिली पट्टी तोंडावर बसली. दात पायरीवर उडाले. ते हात जोडत होते तर कोणीतरी त्या जोडलेल्या हातांवरच काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. दगडूभाऊनं पोरीला बायकोकडे दिलं, आबांच्या छातीवर बसला आणि मारत राहिला, रडत मारत राहिला. रक्तानं बरबटलेल्या तोंडानं आबा मला हाक मारत होते. “भाऊ, तू सांग ना! तुले बठ्ठं ठाऊक शे!” त्यांना वाटत होतं मी मलमाचं सांगेन. बाकीचं त्यांना कुठे माहीत होतं?

मी आत गेलो आणि बँडेजं मोजल्यासारखं केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा ठरलो असतो फक्त. पण मला शेवटचं वाक्य सापडलं होतं ना! गंगूला जाळून लोक परतायच्या आत पत्रक छापून झालं होतं. ‘कामगाराच्या तान्हुलीस विष’ — तान्हुली नव्हती ती, पण तसं लिहिलं की पेटतं, हे मला येत होतं. शेठच्या पैशावर विकला गेलेला नोकर, असं आबांबद्दल लिहिलं. लोक वाचून रडले. बाजार बंद झाला. जिनची काच अन् काच फुटली, मुनिमाचं डोकं फुटलं, आणि शेठ नमला. आज तिथं पट्टा चढवण्याआधी हाक जाते, एकेक नाव परत येतं. ती आमची जीत म्हणून माझा सत्कार झाला. दगडूभाऊनं मला हार घातला. त्याच हातांनी.

आबांचा एक डोळा गेला. जबडा वाकडाच जुळला. लेक त्यांना दोंडाईच्याला घेऊन गेली, आणि तिथल्या लोकांनी माझं पत्रक वाचलेलं होतं. विहिरीवर लेकीला भांडं लावू देत नव्हते, असं ऐकलं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मी दोंडाईच्याच्या स्टेशनावर कितीदा उतरलो असेन, सभा घेतल्या, त्या घराकडे पाय वळवला नाही.

मी नोकरी सोडली. त्यानंतर जिन-जिन फिरलो, धुळ्यापासून इकडे सगळीकडे ती हाक लावून घेतली. पण दवाखान्यात नाही. कंपाउंडरनं औषधाचं नाव उलट ओरडावं, डॉक्टरानं हो म्हणावं, मगच बूच काढावं. विषारी बाटली वेगळ्या कपाटात, वेगळ्या घाटाची असावी — दोन ओळींचं काम होतं. मी हजारो ओळी लिहिल्या, या दोन लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर कोणीतरी विचारलं असतं, हे तुला कुठून सुचलं?

गेल्या महिन्यात त्याच खिडकीतून एका बाळंतिणीला चोळायचं तेल प्यायला दिलं गेलं. ती मेली. नवा कंपाउंडर कोठडीत आहे आणि बाहेर लोक त्याला ठेचायला उभे आहेत. डॉक्टर म्हणतात, इथं चूक होत नाही.

गंगूची बाटली मी भरली. भिका आबांनी ती फक्त खिडकीतून दिली. ज्यांनी आबांना मारलं त्यांनी माझ्या शब्दावर मारलं. आणि ही बाळंतीण माझ्या गप्प बसण्यानं मेली. तुम्हाला सांगितलं तसंच हे छापतोय; खाली माझं नाव घालतोय, पूर्ण, गावासकट. हे पत्रक आधी दगडूभाऊच्या हातात देईन, मग दोंडाईच्याला आबांच्या लेकीच्या.