करीमभाईंचा बिनपगारी सुखानी

करीमभाई तीस वर्षं दर्यावर होते, असं त्यांच्या गावात, राजिवड्यात, कुणीही सांगेल. सांगणारच, करीमभाईंनीच सगळ्यांना तसं सांगून ठेवलंय. खरं बोलायचं तर ही तीस वर्षं त्यांनी बोटीच्या पोटात, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढली. दर्या वर होता, करीमभाई खाली होते. वारा त्यांना भेटायचा तो छताच्या पंख्यातून.

घरी परतल्यावर त्यांनी एक लहानशी शिडाची होडी घेतली आणि दोन वर्षं गावाजवळच्या भाट्याच्या खाडीतच फिरवली. बायको मासूमा मात्र एकदाही तिच्यात बसली नाही. बसून करू काय, असं तिचं म्हणणं. तुमचे दोन्ही हात सुकाणूला, डोळे शिडाला, आणि मी तोंड उघडलं की म्हणणार, थांब जरा. त्यात दोह्याला असलेल्या मुलाने, उमेरने, होडीला परस्पर गिऱ्हाईकही शोधलं. अब्बांचं आता वय झालं, म्हणे. शेवटी मासूमाने अट घातली. मला एकदा होडीतून माहेरी, पूर्णगडला न्या. नेलंत तर होडी राहील, नाही तर गिऱ्हाइकाला हो म्हणा. करीमभाईंना होडी विकायची नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या बोटी चालवल्या, आपली अशी ही एकच होती.

मग त्यांनी डोकं लढवलं. मोबाइलवर बघून होडीच्या मागच्या टोकाला प्लायवूडची एक उभी फळी बसवली, वाऱ्याने कलणारी, आणि तिच्या दोऱ्या सुकाणूच्या दांड्याला बांधल्या. होडी जरा भरकटली की वारा फळीला ढकलणार, फळी दोरी ओढणार, होडी पुन्हा ठिकाणावर. माणसाने हात लावायचा नाही. बोटीवर सुकाणू धरणाऱ्याला सुखानी म्हणतात, तर मी बिनपगारी सुखानी ठेवलाय, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. गावाजवळच्या मांडवीच्या धक्क्यावर मासळी विकणाऱ्या हौसाला तर दोनदा सांगितलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी दोघं निघाली. जमिनीवरून मतलई वारा सुटला होता. तो डाव्या अंगावर घेऊन होडी दक्षिणेला लागली. करीमभाईंनी फळी लावली, हात सोडले आणि होडी खरोखरच सरळ चालली. काय सांगावा त्यांचा रुबाब! आता इंजिनवाल्याची सवय अशी, की यंत्र सुरू झालं की यंत्राकडे बघत बसायचं. बोट कुठे जाते ते बघायला वर माणसं असतात. करीमभाई मासूमाच्या शेजारी, पुढे पाठ करून, फळीकडे तोंड करून बसले. आज वर कुणी नाही, हे काही त्या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

हात मोकळे, त्यामुळे तोंड सुटलं. पहिल्या बोटीवर आठ दिवस उलट्या केल्या, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. उमेर झाल्याची तार तेलकट हातांनी इतकी चुरगाळली की मुलगा की मुलगी ते वाचताच येईना, तेही सांगितलं. मासूमा हसत होती. दुपारकडे वारा पडला, तेव्हा भाकरी आणि तळलेली मांदेली खाल्ली. मग वारा पुन्हा सुटला, दोरी ताणली गेली, करीमभाई खूश झाले आणि पुढचं सांगू लागले.

दुपारचा वारा समुद्रावरून येतो, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फळीला पूर्णगड ठाऊक नव्हतं, तिला फक्त वारा कळत होता. डाव्या अंगाने घ्यायचा सांगितलाय ना, मग तिने तो इमानाने डाव्या अंगानेच घेतला. सकाळी तो पूर्वेचा होता, आता पश्चिमेचा. तेवढ्यासाठी तिने होडीचं तोंड सावकाश उत्तरेकडे फिरवलं.

चारच्या सुमाराला करीमभाईंनी मान वळवली. किल्ला दिसला, पूर्णगडला आहे तसाच, धक्का दिसला. मासूमाला म्हणाले, बघ, आलं तुझं माहेर. आपलं गाव समुद्रावरून कसं दिसतं, हे या दर्यावर्दीने कधी पाहिलंच नव्हतं. धक्क्यावर हौसा टोपली घेऊन उभी होती. ही कशाला आली पूर्णगडला, असं त्यांच्या मनात आलं. खरंच आलं. त्यानंतर त्यांनी मनातल्या मनात स्वतःला घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

काही विसरलं होतं का, एवढंच हौसाने विचारलं.

करीमभाईंनी पूर्णगडला वाट बघणाऱ्या मेहुण्याला फोन लावला आणि इंजिन बिघडल्याचं सांगितलं. होडीला इंजिन नाही, हे बोलून झाल्यावर आठवलं. मेहुणा म्हणाला, मासूमाचा मेसेज दुपारीच आला, आज पोचत नाही म्हणून. करीमभाईंनी फोन खाली घेतला.

“तुला कळलं होतं?”

“किनारा या अंगाचा त्या अंगाला गेला, तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर तुम्ही उठून सुकाणू धरलं असतं आणि म्हटलं असतं, थांब जरा.”

अट हरलो, उमेरच्या गिऱ्हाइकाला कळवून टाकतो, असं करीमभाई पुटपुटले.

मासूमाने रिकामा डबा पिशवीत घातला. हरलो कुठे, म्हणाली, पूर्णगडला अजून पोचायचंय. उद्या पुन्हा निघू. आणि त्या फळीला हात लावू नका, ती आहे तशीच असू दे.